राइल यांची मोजणी, हॉयल यांचं विश्व: फेब्रुवारी 1961चं प्रकरण

विश्वाला आरंभ नाही आणि ते सर्वकाळ सारखंच असतं, असं म्हणणारा स्थिर स्थितीचा सिद्धांत कशामुळे मागे पडला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: 1965मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सापडलेलं, आकाशात सगळीकडून येणारं सूक्ष्मतरंगी पार्श्वप्रारण. उत्तर चूक नाही. पण या सिद्धांतावर जाहीर घाव त्याआधीच पडला होता, आणि तो एका मोजणीने घातला होता. आकाशात ठळक रेडिओ स्रोत, म्हणजे रेडिओ लहरी पाठवणाऱ्या वस्तू, किती आणि अंधुक किती, एवढीच ती रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांची मोजणी. त्या वादात बाजू मांडणाऱ्यांपैकी एक जण कोल्हापुरात जन्मलेला, बावीस वर्षांचा संशोधक विद्यार्थी जयंत नारळीकर होता, त्यामुळे मराठी वाचकाच्या कानावर हे प्रकरण कधी ना कधी आलेलं असतं. बहुधा ते गुरू फ्रेड हॉयल यांच्यासाठी लढलेल्या शिष्याची गोष्ट म्हणून येतं. मला त्यातलं गणित जास्त रंजक वाटतं. जिंकलं कोण आणि युक्तिवाद कोणाचा बरोबर होता, या दोन प्रश्नांची उत्तरं इथे वेगवेगळी येतात.

एकच भूमिती, दोन विश्वं

आइन्स्टाइन यांची व्यापक सापेक्षता 1915 सालची. तिच्या समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्व निघू शकतं हे फ्रीडमन यांनी 1922मध्ये आणि लमेत्र यांनी 1927मध्ये दाखवलं. 1929मध्ये हबल यांनी दीर्घिकांचं अंतर आणि त्यांची ताम्रसृती, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचं तांबड्या बाजूला सरकणं, यांतलं प्रमाण मांडलं. तिथपर्यंत सगळं सरळ होतं. घोळ झाला तो वयाचा. हबल यांच्या आकड्याप्रमाणे दर मेगापार्सेकमागे, म्हणजे सुमारे 33 लाख प्रकाशवर्षांमागे, वेग सेकंदाला सुमारे 500 किलोमीटर येत होता, आणि त्यावरून विश्वाचं वय दोन अब्ज वर्षांच्या आसपास. पृथ्वीवरचे खडक मात्र त्याहून जुने निघत होते. आईपेक्षा लेक मोठी, असा हा हिशेब.

1948मध्ये केंब्रिजच्या तिघांनी यातून वाट काढली. हरमन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी एका निबंधात, तर फ्रेड हॉयल यांनी दुसऱ्या निबंधात. त्यांचं म्हणणं असं: विश्व प्रसरण पावतं हे खरं, पण त्याला आरंभ नाही. दीर्घिका एकमेकींपासून लांब जातात तशी मधल्या मोकळ्या जागेत नवी द्रव्यनिर्मिती होते, तिच्यातून नव्या दीर्घिका घडतात आणि सरासरी घनता कायम राहते. त्यासाठी लागणारी निर्मिती अगदी किरकोळ: घनमीटरभर जागेत साधारण अब्ज वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. कुठल्याही प्रयोगशाळेला ती पकडता येणार नव्हती. बाँडी आणि गोल्ड यांनी तत्त्वापासून सुरुवात केली: विश्व मोठ्या प्रमाणावर सगळीकडे सारखं असतंच, तसं ते सर्वकाळही सारखं असतं. हॉयल यांनी आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतच निर्मितीचं एक पद घातलं. दोन्ही वाटांनी अवकाशकालाची भूमिती एकच येते. प्रसरण घातांकी, म्हणजे 1917 साली डी सिटर यांना सापडलं होतं तेच.

ही दोन विश्वं म्हणजे व्यापक सापेक्षता मानणारे आणि न मानणारे असे दोन पक्ष नव्हते. अंतर, ताम्रसृती, तेजस्विता यांचे हिशेब दोन्हीकडे त्याच पद्धतीने होत. फरक एका गोष्टीचा: भूतकाळ आजच्यापेक्षा वेगळा असू शकतो की नाही. महास्फोटाच्या विश्वात असू शकतो, किंबहुना असलाच पाहिजे. स्थिर स्थितीत मुळीच असू शकत नाही.

जाता जाता, ज्या अडचणीतून हा सिद्धांत जन्मला ती 1961पर्यंत बरीचशी मिटली होती. 1952मध्ये बाडे यांनी अंतरांची मोजपट्टी दुप्पट केली आणि 1958मध्ये सँडेज यांनी हबलचा आकडा 75च्या आसपास आणून ठेवला. तरी सिद्धांत टिकला होता, कारण तो नेमका होता आणि त्याला मोजून तपासता येत होतं.

चारपट अंधुक, आठपट जास्त

समजा, सगळे रेडिओ स्रोत सारख्याच ताकदीचे आहेत आणि अवकाशात एकसारखे पसरलेले आहेत. विश्व प्रसरण न पावणारं आणि भूमिती शाळेतली. एका ठरावीक तीव्रतेपेक्षा ठळक असे स्रोत मोजले, ते शंभर भरले. आता मर्यादा चारपट खाली आणली. तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते, म्हणून आपण आता दुप्पट अंतरापर्यंत पाहतो. दुप्पट त्रिज्येच्या गोलाचं आकारमान आठपट, म्हणून स्रोत आठशे. स्रोतांची ताकद कमी-जास्त असली तरी प्रत्येक गटाला हाच नियम लागू होतो आणि बेरजेलाही तोच. तीव्रता आणि संख्या यांचे लघुगणक आलेखावर मांडले की सरळ रेषा येते. तिचा उतार उणे 1.5.

विश्व प्रसरण पावत असेल तर दूरच्या स्रोताची ऊर्जा ताम्रसृतीमुळे आणखी घटते. जो यादीत यायला हवा होता तो मर्यादेखाली घसरतो. त्यामुळे चारपट खाली उतरल्यावर आठपटीपेक्षा कमी स्रोत मिळायला हवेत, म्हणजे रेषेचा उतार मंदावतो. महास्फोटाच्या विश्वात भूतकाळी दाटी जास्त होती, त्याने थोडी भरपाई होते. स्थिर स्थितीत घनता कायम तीच, म्हणून तीही भरपाई नाही आणि उतार आणखी मंद.

या चाचणीचं सौंदर्य असं की एकाही स्रोताचं अंतर माहीत असण्याची गरज नाही. त्या काळात ही फार मोठी सोय होती. हंस तारकासमूहातला सिग्नस ए हा आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक. बाडे आणि मिन्कोव्स्की यांनी तो हुडकला तेव्हा प्रकाशात ती एक मिणमिणती दीर्घिका निघाली, ताम्रसृती 0.056. सर्वांत ठळक स्रोतच इतका दूर, तर त्याच्या शंभरपट अंधुक स्रोत कुठे असतील? मोठमोठ्या प्रकाशीय दुर्बिणींच्याही टप्प्यापलीकडे. रेडिओवाल्यांच्या हातात विश्वाच्या भूतकाळाची नुसती यादी होती, पत्ते नव्हते. आणि या चाचणीला यादीच पुरणार होती.

एकदा तोंड पोळलं होतं

मार्टिन राइल केंब्रिजच्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतले. हॉयल गणिताच्या बाजूचे. एकाच विद्यापीठातल्या या दोघांचं फारसं पटत नसे. 1951मध्ये लंडनच्या एका परिषदेत गोल्ड आणि हॉयल म्हणाले होते की हे रेडिओ स्रोत आपल्या आकाशगंगेबाहेरचे असू शकतात. राइल यांनी ते धुडकावून लावलं होतं. त्यांच्या मते ते आकाशगंगेतलेच एक प्रकारचे तारे होते. सिग्नस एने निकाल गोल्ड-हॉयल यांच्या बाजूने लावला. पुढे राइल यांनी हॉयल यांच्याविरुद्ध जे शस्त्र उचललं ते मुळात हॉयल यांच्या बाजूच्या कल्पनेवर उभं होतं, हे वादाच्या गदारोळात कोणाच्या फारसं ध्यानात राहिलं नाही.

1955मध्ये केंब्रिजच्या गटाने 1936 स्रोतांची दुसरी यादी काढली. तिचा उतार उणे 3च्या जवळ येत होता. म्हणजे चारपट खाली उतरलं की चौसष्टपट स्रोत! मे महिन्यात ऑक्सफर्डच्या व्याख्यानात राइल यांनी जाहीर केलं की स्थिर स्थितीतून हे निघणं शक्य नाही. त्याच सुमाराला सिडनीजवळ बर्नार्ड मिल्स यांचा गट दक्षिणेकडचं आकाश मोजत होता. दोन्ही याद्यांत सामाईक असलेला पट्टा ताडून पाहिला तेव्हा जुळणारे स्रोत फारच थोडे निघाले. मिल्स यांचा उतार उणे 1.5पासून फार लांब नव्हता.

चूक केंब्रिजच्या दुर्बिणीच्या नजरेत होती. रात्री घाटमाथ्यावरून खालच्या वस्तीकडे पाहिलं तर जवळजवळचे चार बारीक दिवे मिळून एक मोठा दिवा वाटतो, तसं तिचं झालं होतं. शेजारशेजारचे अंधुक स्रोत एकमेकांत मिसळून एक बऱ्यापैकी ठळक स्रोत म्हणून नोंदले गेले. गंमत अशी की राइल यांच्याच गटातल्या पीटर शॉयर यांनी स्रोत सुटे न करता, नोंदीतल्या चढउतारांच्या संख्याशास्त्रावरूनच उतार काढण्याची युक्ती शोधली. त्यांचं उत्तर उणे 3पेक्षा पुष्कळ मंद आणि उणे 1.5पेक्षा किंचित तीव्र होतं. पुढच्या सगळ्या वादाचा शेवट त्या उत्तरात होता, पण तेव्हा ते मागेच राहिलं.

मंचावरची खुर्ची

राइल यांनी मग नेट लावला. 159 मेगाहर्ट्‌झवर घेतलेली तिसरी यादी 1959मध्ये आली, 471 स्रोतांची. त्यापुढची, अधिक बारीक नजरेची दुर्बीण लॉर्ड्‌स ब्रिज इथल्या वेधशाळेत उभी राहिली. या वेधशाळेला पैसा दिला होता मलार्ड या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने. नव्या मोजणीचा उतार आला उणे 1.8. चौसष्टपटीवरून गाडी बारापटीवर आली. हे आठापेक्षा फार जास्त नाही, पण स्थिर स्थितीला हवी होती आठाहूनही कमी संख्या. फरक आता यंत्राच्या चुकीवर ढकलता येण्याजोगा नव्हता.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मलार्डने लंडनमध्ये पत्रकार परिषद बोलावली आणि हॉयल यांनाही सपत्नीक निमंत्रण धाडलं. हॉयल यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार त्यांना मंचावर बसवण्यात आलं. निकाल आपल्याविरुद्ध असता तर मुद्दाम बोलावून असं बसवलं नसतं, असा त्यांचा भाबडा अंदाज. राइल आले, त्यांनी आकडे मांडले, हे स्थिर स्थितीशी जुळत नाही असं सांगितलं. आणि पत्रकारांसमोर हॉयल यांना विचारण्यात आलं की यावर आपलं काय म्हणणं आहे? निबंध हातात नाही, आकडे तपासलेले नाहीत, अशा स्थितीत माणूस काय बोलणार? संध्याकाळच्या वर्तमानपत्रांनी बायबलमधली सृष्टीची कथा खरी ठरली, अशा थाटाचे मथळे दिले.

राइल यांची मोजणी चोख होती. ती जाहीर करायची ही रीत मात्र मला कोत्या मनाची वाटते. प्रतिवादीला कागद न दाखवता साक्षीला उभं करणं हे कुठल्याही चावडीवर चाललं नसतं.

विद्यार्थ्याचं उत्तर

जयंत नारळीकर यांनी हॉयल यांच्याकडे संशोधन सुरू करून वर्षही झालं नव्हतं. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आणि स्वतः व्यापक सापेक्षतेतले जाणकार, त्यामुळे विषय घरचा होता. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत राइल यांचं म्हणणं यायचं होतं. हॉयल यांना दुसरं काम होतं. उत्तर मांडायची जबाबदारी त्यांनी या विद्यार्थ्यावर टाकली. समोर राइल आणि त्यांचा सगळा गट.

उत्तराचा गाभा असा. उतार तीव्र आहे याचा अर्थ अंधुक स्रोत जास्त आहेत, असा राइल लावतात. पण ठळक स्रोत कमी असले तरी रेषा तेवढीच तीव्र दिसेल. ठळक स्रोत मोजकेच आणि बहुतांशी जवळचे. तिथे थोडे कमी पडले की रेषेचं ते टोक खाली बसतं. मग प्रश्न उरतो की आपल्या शेजारी स्रोत कमी का असावेत. हॉयल आणि नारळीकर यांनी दोन गोष्टी धरल्या. एक, दीर्घिका वयाने वाढते तशी तिची रेडिओ स्रोत होण्याची शक्यता वाढते. दोन, दीर्घिकांची वाटणी एकसारखी नसून सुमारे 50 मेगापार्सेकच्या पट्ट्यांत ती गुठळ्यांसारखी आहे. काही गुठळ्या जुन्या, काही तरुण. आपण तरुण गुठळीत असलो तर जवळपास रेडिओ स्रोत विरळच दिसणार. संगणकावर यदृच्छेने अशी विश्वं रचून त्यांत ‘राइल यांची मोजणी’ करून पाहिली, तर काहींत हवा तसा तीव्र उतार मिळतो, असं त्यांनी दाखवलं. विश्वरचनाशास्त्रात संगणकावर विश्व रचून पाहण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. 1961 आणि 1962 साली हे निबंध छापून आले.

50 मेगापार्सेकच्या गुठळ्या तेव्हा पुष्कळांना पळवाट वाटल्या. द व्होकुलर यांनी आपल्याभोवतीच्या महासमूहाची कल्पना मांडली होती, पण ती सर्वमान्य नव्हती. पुढच्या दशकांत दीर्घिकांचे नकाशे तयार झाले तेव्हा महासमूह आणि मधल्या प्रचंड पोकळ्या हे नेहमीचं दृश्य ठरलं. म्हणजे उत्तरातलं एक गृहीतक खरं निघालं. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र टिकला नाही.

कोणाचा युक्तिवाद किती खरा

उणे 1.8 हा उतार महास्फोटाच्या सिद्धांताने आधी सांगितला होता का? नाही. त्या सिद्धांताच्या साध्या रूपातूनही उणे 1.5पेक्षा मंद रेषाच निघते. निरीक्षणाशी तेही जुळत नव्हतं. मग ते वाचलं कसं? भूतकाळी रेडिओ स्रोत जास्त होते किंवा जास्त ताकदीचे होते, असं म्हणायची मुभा त्याला होती म्हणून. किती जास्त? रेषा जुळेल इतके जास्त. राइल यांच्या मोजणीत महास्फोट नापास होण्याची शक्यताच नव्हती. उतार काहीही आला असता, तरी स्रोतांच्या उत्क्रांतीचा एक योग्य गुणक लावून तो बसवता आला असता.

स्थिर स्थितीला ती मुभा नव्हती, कारण तिने ती स्वतःहून सोडली होती. तेच तिचं बळ होतं. म्हणून हॉयल-नारळीकर यांचं उत्तर तर्काच्या दृष्टीने निर्दोष असूनही महागात पडलं. ‘विश्व सगळीकडे सारखं’ या वाक्याला ‘पण 50 मेगापार्सेकपर्यंत नाही, आणि आपण जरा वेगळ्या जागी आहोत’ अशी शेपटी जोडावी लागली. सर्वांत नेमका म्हणवणारा सिद्धांत हळूहळू महास्फोटाइतकाच लवचीक होऊ लागला. शिवाय ती पळवाट ठळक टोकापुरती होती. दुर्बिणी अधिकाधिक अंधुक स्रोत मोजू लागल्या तेव्हा रेषेचा पुढचा, वळत जाणारा भागही स्थिर स्थितीशी जुळेना, आणि तिथे आपल्या शेजारच्या विरळपणाचा उपयोग नव्हता.

माझं मत असं की 1961मध्ये राइल यांचा निष्कर्ष बरोबर होता आणि पुरावा अपुरा. विश्व बदलतं आहे, एवढंच त्यातून दिसत होतं. ते स्फोटातून निघालं, हे त्यातून कुठेच दिसत नव्हतं. ते वर्तमानपत्रांनी घातलं. अपुऱ्या पुराव्यावर अडून राहण्याचा हॉयल यांना पूर्ण हक्क होता. तो किती वर्षं बजावायचा, हा वेगळा प्रश्न.

पुढचं

पत्ते मिळू लागले ते 1963मध्ये. राइल यांच्या तिसऱ्या यादीतल्या 273 क्रमांकाच्या स्रोताचा वर्णपट मार्टेन श्मिट यांनी उलगडला, ताम्रसृती 0.158, दिसायला तारा. क्वेसार, म्हणजे ताऱ्यासारखे दिसणारे पण फार दूरचे स्रोत, सापडले. दोन वर्षांत ताम्रसृती 2च्या पुढे गेली आणि 1966मध्ये डेनिस शामा यांनी आपले विद्यार्थी मार्टिन रीस यांच्यासह क्वेसारांची मोजणी तपासली. शामा हे स्थिर स्थितीचे कट्टर समर्थक. मोठ्या ताम्रसृतीला क्वेसार प्रमाणाबाहेर जास्त आहेत हे दिसल्यावर त्यांनी सिद्धांत सोडला. इथे अंतरं हातात होती, म्हणून शेजारच्या विरळपणाचा आधार उरला नाही.

दरम्यान पार्श्वप्रारण सापडलं होतं. त्याच्या वर्षभर आधी हॉयल यांनीच रॉजर टेलर यांच्याबरोबर दाखवलं होतं की विश्वातलं हेलियम नुसत्या ताऱ्यांतून इतकं तयार होणार नाही. त्याला एकतर उष्ण आरंभ हवा नाहीतर प्रचंड वस्तुमानाच्या वस्तू. महास्फोटाच्या बाजूचा एक भक्कम पुरावा असा त्याच्या सर्वांत मोठ्या विरोधकाच्या लेखणीतून आला.

वादाची एक फांदी भारतात पोचली. गोविंद स्वरूप यांनी उटीजवळ डोंगराच्या उतारावर 530 मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली, ती 1970मध्ये सुरू झाली. चंद्राआड जाणाऱ्या स्रोतांच्या नोंदींवरून त्यांचे कोनीय आकार, म्हणजे आकाशात ते केवढे दिसतात ते, काढता येत. स्वरूप आणि विजय कपाही यांनी 1975मध्ये तीव्रता आणि कोनीय आकार यांची सांगड घातली. तीतूनही स्रोत काळाबरोबर बदलतात, असंच निघालं. नारळीकर तेव्हा स्वरूप यांच्याच संस्थेत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारात दोघांनी उभ्या केलेल्या संस्था शेजारीशेजारी आल्या. नारळीकरांनी हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह 1993मध्ये स्थिर स्थितीचं सुधारलेलं रूप मांडलं. त्यात विश्व आकुंचन-प्रसरण पावत पावत दीर्घकाळात वाढतं, म्हणजे भूतकाळ वेगळा असण्याची मुभा त्यांनीही अखेर घेतली. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. राइल यांना 1974चं नोबेल मिळालं ते दुर्बिणी जोडून बारीक नजर मिळवण्याच्या तंत्रासाठी, मोजणीसाठी नव्हे.

रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून विश्वाची भूमिती आता कोणी काढत नाही. तो आकडा भूमितीबद्दल फारच थोडं आणि स्रोतांच्या उत्क्रांतीबद्दल पुष्कळ सांगतो, हे कळून चुकलं आहे. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय दुर्बिणीने 150 मेगाहर्ट्‌झवर केलेल्या सर्वेक्षणात सहा लाखांहून जास्त स्रोत नोंदले गेले. अशा सर्वेक्षणांत रेषेचं ठळक टोक आजही 1961सारखंच तीव्र दिसतं. मग ती मंदावते, आणि अगदी खोलवरच्या निरीक्षणांत फार अंधुक टोकाला पुन्हा वळते. तिथे मोजले जाणारे स्रोत राइल आणि हॉयल भांडले त्या प्रकारचे नसतात. त्या असतात तारे घडवत असलेल्या साध्या दीर्घिका.